गादी मुलाची, सही आईची

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, पेशवाईतल्या बायकांपैकी एकीचे एक अक्षर त्याला पाठ असते. आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला. ‘नारायणरावास धरावे’ या हुकुमातले एक अक्षर बदलून ‘मारावे’ झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, अठरा वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यात कापला गेला. भाषेत म्हणीसारखे रुळलेले हे वाक्य आपण आजही वापरतो. कार्यालयात कोणी टिपण बदलले की ‘ध’ चा ‘मा’, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त फिरवले की ‘ध’ चा ‘मा’.

माझी उमेद बँकेत गेली. कादंबऱ्या रात्री लिहिल्या, दिवसा लोकांच्या सह्या तपासल्या. त्यामुळे या गोष्टीकडे मी कादंबरीकार म्हणून पाहण्याआधी काउंटरवरचा माणूस म्हणून पाहतो. चेकवर खाडाखोड असेल आणि तिच्यापाशी काढणाऱ्याची पूर्ण सही नसेल, तर तो चेक परत जातो. हा कायदा १८८१ चा आहे हे खरे, पण त्यामागचा व्यवहार फार जुना आहे. मूळ कागद कुठे आहे, बदल कोणाच्या हातचा आहे आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा झाले, हे तीन प्रश्न कोणताही हिशेबनीस विचारतो. ‘ध’ चा ‘मा’ झालेले ते पत्र आजवर कोणी पुढे आणून दाखवलेले नाही. बदल कोणाच्या हातचा, हे मग कशावरून ठरवायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र लख्ख आहे. नारायणरावांनंतर पेशवाईची वस्त्रे मिळाली ती रघुनाथरावांना. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोषी ठरवले तेही रघुनाथरावांनाच. म्हणजे जमा नवऱ्याच्या खात्यात, न्यायाधीशाचा निकाल नवऱ्याविरुद्ध, आणि लोकांच्या वहीत नावे पडले ते बायकोच्या.

आनंदीबाई निर्दोष होत्या, हे सिद्ध करायला मी निघालेलो नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, राजकारण जाणत होत्या आणि नवऱ्याने पेशवा व्हावे अशी त्यांची इच्छा होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. बाईला राज्य करावेसे वाटले तर त्या काळात तिला वाट कोणती होती?

सातबाराचे उतारे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरे ठाऊक असतील. अज्ञान पालनकर्ता. जमीन अज्ञान मुलाच्या नावावर, कारभार पालनकर्त्याकडे. बँकेतही तेच. खाते मुलाचे, सही पालकाची. पालकाने दहा-बारा वर्षे खाते कितीही नेटाने चालवले असले तरी मुलाला अठरा पूर्ण झाली, की त्या सहीची किंमत शून्य. जन्मतारखेचा दाखला घेऊन मुलगा येतो, नवे नमुना-सहीचे कार्ड भरतो आणि आईच्या कार्डावर आडवी रेघ मारली जाते. नवऱ्यामागे शेत, दूध, कर्जाचे हप्ते असे सगळे सांभाळलेली एक बाई अशा वेळी माझ्या टेबलासमोर बसली होती. मुलगा शेजारीच होता, चांगला होता, भांडण काही नव्हते. कार्डावर रेघ मारताना तिने एवढेच विचारले, ‘‘म्हंजे साहेब, आता मी इथं यायचं काम न्हाई?’’ नियमाप्रमाणे नव्हतेच.

आणि पालक म्हणून तरी आईचा नंबर कितवा? १९५६ च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे बाप, आणि त्याच्या ‘नंतर’ आई, असे लिहिले होते. १९८४ मध्ये इंग्रजीतल्या कादंबरीकार गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले. नवऱ्याच्या संमतीने, पालक म्हणून स्वतः सही करून त्यांनी अर्ज दिला. अर्ज परत आला: वडिलांची सही आणा, नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ च्या फेब्रुवारीत निकाल लागला, की ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यानंतर असेच नव्हे. बाप मुलाकडे पाहत नसेल वा दोघांत तसे ठरले असेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक होऊ शकते. एका ‘नंतर’ला चाळीसवर वर्षे लागली. हे विसाव्या शतकाच्या अखेरीचे. मग अठराव्या शतकातल्या बायकांचे काय झाले असेल, याचा अंदाज करता येतो.

निवृत्तीनंतर रोमचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा पहिल्या शतकातली एक बाई फार ओळखीची वाटली. अॅग्रिपिना. बाप नावाजलेला सेनापती, भाऊ सम्राट, पुढे नवरा सम्राट आणि शेवटी मुलगा सम्राट. इतकी सत्ता घरात, पण स्वतःला पद म्हणून काही नाही. रोमन बाईला मत नव्हते, सिनेटमध्ये बसता येत नव्हते, सेनापती होता येत नव्हते. इसवी सन ५४ मध्ये नवरा क्लॉडियस मेला. विषारी अळंब्या घालून तिनेच मारला, असे लोक म्हणू लागले. मुलगा नीरो गादीवर बसला तेव्हा सोळा वर्षांचा होता. सिनेटची सभा राजवाड्यात बोलावली जाई आणि ही पडद्याआड उभी राहून ऐके, असे टॅसिटस हा इतिहासकार सांगतो. एकदा आर्मेनियाचे वकील दरबारात आले असताना ती सरळ सम्राटाच्या चौथऱ्याकडे चालू लागली. शेजारी बसायचे, हा तिचा हेतू. सगळे गांगरले. तेव्हा नीरोच्या गुरूने, सेनेकाने, त्याला पुढे होऊन आईचे स्वागत करायला सुचवले. मातृभक्तीचा देखावा झाला आणि बाई चौथऱ्यावर चढायची राहिली. असा मुत्सद्दीपणा आपल्याकडच्या फडणिसालाही शोभला असता.

बँकवाल्याला नाण्यांचा मोह असतो. नीरोच्या पहिल्या वर्षाच्या सोन्याच्या नाण्यावर आई आणि मुलगा समोरासमोर आहेत, दोघांचे चेहरे सारख्याच आकाराचे, आणि चेहऱ्यांच्या भोवतीने अक्षरे आहेत ती आईच्या नावाची. पुढच्याच वर्षी तिचा चेहरा मुलाच्या चेहऱ्यामागे सरकतो, नुसती कड दिसते. त्यानंतर ती नाण्यावरून नाहीशीच होते. इसवी सन ५९ मध्ये मुलाने तिला मारेकऱ्यांकरवी मारवले. तिच्याविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे त्यातले बरेचसे टॅसिटसने साठेक वर्षांनी लिहिलेले आहे. बाई सत्तालोभी, विषप्रयोग करणारी, मुलाच्या आयुष्याची माती करणारी. आनंदीबाईंवर लिहिणाऱ्या आपल्या नाटककारांना हे वर्णन उसने घेता आले असते. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने १९०९ साली रंगभूमीवर आणलेल्या आनंदीबाईच पुढे कित्येक मराठी घरांत खऱ्या आनंदीबाई म्हणून राहिल्या. कादंबरीकाराला अशी बाई हवीच असते, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. तिच्यावाचून गोष्ट उभी राहत नाही.

पण आपला इतिहास रोमपेक्षा जास्त विचित्र आहे, कारण आपल्याकडे हेच काम करणारी एक बाई यशस्वी झाली आणि आपण तिला डोक्यावर घेतले.

१७०० च्या मार्चमध्ये छत्रपती राजाराम सिंहगडावर वारले. पुण्याहून रविवारी गडावर पिठले-भाकरी खायला जाणारी मंडळी त्यांच्या समाधीवरून पुढे जातात. त्या वेळी औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात ठाण मांडून होता आणि एकेक किल्ला घेत चालला होता. येसूबाई आणि शाहू त्याच्या कैदेत. राजारामांच्या पत्नी, हंबीरराव मोहित्यांच्या कन्या ताराबाई पंचविशीच्या. मुलगा शिवाजी चार वर्षांचा. त्यांनी मुलाला गादीवर बसवले आणि सात वर्षे लढाई चालवली. बादशहाने पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा घ्यावेत आणि त्याची पाठ वळताच मराठ्यांनी ते पुन्हा मिळवावेत, शिवाय नर्मदा ओलांडून माळव्यात घुसावे, असा तो खेळ होता. मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानालाही या बाईची हुशारी कबूल करावी लागली. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला, तो लढाई न जिंकताच.

इथपर्यंतची ताराबाई क्रमिक पुस्तकात असते. पुढची ताराबाई आपण मुलांना फारशी सांगत नाही. शाहू सुटून आले, त्यांनी गादी मागितली. ताराबाईंचे म्हणणे, हे राज्य माझ्या नवऱ्याने आणि मी राखले, त्यावर माझ्या मुलाचा हक्क. १७०७ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, लढाई झाली. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि ताराबाई हरल्या. कोल्हापुरात त्यांनी वेगळी गादी मांडली. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी डाव उलटवला, आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला आणि ताराबाई मुलासह कैदेत पडल्या. मुलगा कैदेतच गेला. इथे नीट पाहा: ज्या बाईने औरंगजेबाला झुंजवले तिचा अधिकार एका मुलाच्या नावावर उभा होता, आणि दुसऱ्या बाईने दुसरा मुलगा पुढे करताच तो कोसळला. राजसबाईंपाशी तरी दुसरे कोणते हत्यार होते?

ताराबाई थकल्या नाहीत. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. शाहूंना मुलगा नव्हता. हा माझा नातू, लपवून वाढवलेला, असे सांगून त्यांनी रामराजाला पुढे आणले. शाहूंच्या राणी सकवारबाईंचा याला विरोध होता; त्या सती गेल्या, आणि ते जाणे सर्वस्वी त्यांच्या इच्छेने नव्हते, असे मानणारे इतिहासकार आहेत. नातू गादीवर बसला, पण आजीचे ऐकेना. नानासाहेब पेशव्यांना काढून टाक, हे त्याने मानले नाही. १७५० च्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले.

त्यांना साथ मिळाली ती तळेगावच्या उमाबाई दाभाड्यांची. हे नाव पुण्याने अधिक आठवणीत ठेवायला हवे होते. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या या पत्नी. मुलगा त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत थोरल्या बाजीरावांविरुद्ध लढताना पडला. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावाला मिळाले आणि तो लहान म्हणून कारभार उमाबाईंकडे आला. पुन्हा अ. पा. क. त्या नुसत्या कागदावर राहिल्या नाहीत, फौज घेऊन अहमदाबादवर गेल्या. पेशव्यांनी गुजरातच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा मागितला, तेव्हा आळंदीला नानासाहेबांची भेट घेऊन त्यांनी ही मागणी मान्य नसल्याचे समोरासमोर सांगितले. सांगून उपयोग झाला नाही. मग १७५१ मध्ये ताराबाई साताऱ्यात आणि उमाबाईंचे सरदार दमाजी गायकवाड पुण्याच्या रोखाने, असा प्रसंग उभा राहिला. पेशवे दूर निजामाच्या मुलखात होते. पुण्यात पळापळ झाली, पेशव्यांच्या आजी राधाबाई आणि आई काशीबाई सिंहगडावर गेल्या. दोन म्हाताऱ्या पेशवाईवर चालून आल्या होत्या आणि दोन म्हाताऱ्या जीव वाचवायला गडावर, असे ते दृश्य. नानासाहेब तातडीने परतले. गायकवाड आणि दाभाडे कैद झाले. १७५३ मध्ये उमाबाई पुण्यातच वारल्या.

ताराबाईंनी १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर पेशव्यांशी समेटाची शपथ घेतली आणि त्याच वेळी हेही शपथेवर सांगितले की, रामराजा माझा नातू नव्हेच. खरे आधीचे की हे, याचा वाद आजही घालता येतो. पेशव्यांना त्याचे काही पडले नव्हते. नातू असो वा नसो, साताऱ्याला नावापुरता राजा त्यांना हवाच होता. पेशवेही एका अर्थी दुसऱ्याच्या नावानेच सही करत होते. फक्त त्यांचा ‘अज्ञान’ कधी सज्ञान होणार नव्हता.

आता पुण्यात येऊ. पुण्याच्या पेठांची नावे पाहा: सदाशिव, नारायण, नाना, घोरपडे, रास्ते. बाईचे नाव एकच, भवानी, आणि ती देवी. रास्ता पेठ ज्या घराण्यावरून ओळखली जाते ते वाईचे रास्ते, म्हणजे गोपिकाबाईंचे माहेर. गोपिकाबाई नानासाहेबांच्या पत्नी. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव गेला, जूनमध्ये पर्वतीवर नवरा गेला, जुलैत मधला मुलगा माधवराव पेशवा झाला. वय सोळा, नीरोइतकेच. पालक कोण, हा प्रश्न आला. चुलते रघुनाथराव म्हणाले मी, आई म्हणाल्या मी. पेशवाईत पुढच्या पंचवीस वर्षांत जे जे झाले त्यातले बरेचसे या एका प्रश्नातून निघाले आहे. १७६२ मध्ये आळेगावला पुतण्याला काकांपुढे नमते घ्यावे लागले, तेही यातूनच.

माधवराव मात्र कोणाचेच अज्ञान राहायला तयार नव्हते. काकांना त्यांनी अखेर शनिवारवाड्यात बसवले आणि आईलाही कारभारातून दूर केले. रास्त्यांना, म्हणजे सख्ख्या मामाला, त्यांनी दंड केला आणि त्यावरून आई रुसून निघून गेल्या, अशी आख्यायिका आहे. कारण ते असो वा दुसरे, गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. माधवरावांच्या न्यायीपणाचे दाखले देताना आपण ही हकिकत कौतुकाने सांगतो. ते कौतुक योग्यच आहे. पण एवढी वर्षे वाड्यातल्या राजकारणाची जाण ठेवणाऱ्या, सदरेवरचा प्रत्येक माणूस ओळखणाऱ्या बाईला पंचेचाळिशीच्या आतच स्नानसंध्येला लावले गेले, हे ते सांगताना आपल्या मनातही येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाचे कार्ड भरले गेले आणि आईच्या कार्डावर रेघ पडली, एवढेच.

१७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव क्षयाने गेले. रमाबाई सती गेल्या. थेऊरला गणपतीला जाणारे लोक त्यांच्या वृंदावनापाशी आवर्जून हात जोडतात. त्या काळच्या बाईला स्मारक मिळवण्याचा हा एक खात्रीचा मार्ग. दुसरा मार्ग अहिल्याबाईंचा, पण त्यासाठी सासरा मल्हाररावांसारखा लागतो, ज्याने हयातीतच सुनेच्या हाती कारभार दिला.

पुढच्या वर्षी नारायणराव. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेले आणि जन्मही न झालेल्या मुलाच्या वतीने, गंगाबाईच्या नावाने कारभार सुरू केला. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई सोबतीला होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. जगातला सर्वांत लहान ‘अज्ञान’ खातेदार कोण, असा प्रश्न निघालाच तर पुणेकरांनी हे नाव सुचवायला हरकत नाही. १७७७ मध्ये गंगाबाई वारल्या. सही नाना फडणिसांच्या हातात राहिली.

आणि ती सुटली नाही. सवाई माधवराव सोळा वर्षांचे झाले, अठरा झाले, वीस झाले. थोरले माधवराव ज्या वयात पालकांशी भांडून मोकळे झाले ते वय ओलांडून हा पेशवा नानांच्या नजरेखालीच वावरला. १७९५ च्या ऑक्टोबरात, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून तो गेला. तोल गेला की उडी मारली, याचा वाद अजून आहे. नानांचे कर्तृत्व मोठे होते. ते नसते तर दौलत वीस वर्षे आधीच बुडाली असती, असे मलाही वाटते. पण मुलगा मोठा झाल्यावरही सही न सोडणाऱ्या पुरुषाला आपण शहाण्यांच्या यादीत बसवतो. साडेतीन शहाण्यांतले अर्धे नाना, अर्धे अशासाठी की ते लढवय्ये नव्हते. पालकत्व सोडवेना म्हणून कोणी त्यांचे माप कमी केलेले नाही. हेच ताराबाईंनी केले की म्हातारीचा हट्ट, गोपिकाबाईंनी केले की आईची ढवळाढवळ, आणि अॅग्रिपिनाने केले की राक्षसीण.

गोपिकाबाई या सगळ्यांत नाशिकला जिवंत होत्या. तिन्ही मुले गेलेली. नातवाने उपदेश मागितला तेव्हा त्यांनी त्याला लिहून पाठवला: कसे वागावे, दिवस कसा घालवावा, लोकांशी कसे बोलावे, याची बारीक बारीक कलमे. कारभार हातात नसलेल्या बाईने कारभार करू न दिल्या जाणाऱ्या मुलाला पाठवलेली ती पेशवा होण्याची टाचणे. १७८८ मध्ये त्या गेल्या.

नाशिकलाच गंगेच्या काठी, गंगापूरच्या वाटेवर, आनंदवल्ली आहे. रघुनाथरावांनी तिथे वाडा बांधला आणि गावाला बायकोचे नाव मिळाले. गुहागरच्या ओकांच्या घरातली ही मुलगी. पुढे नवरा इंग्रजांच्या आश्रयाला सुरतेकडे गेला तेव्हा ती गरोदर होती आणि धारच्या किल्ल्यात अडकली होती. १० जानेवारी १७७५ रोजी तिथे तिला मुलगा झाला. १७८३ मध्ये कोपरगावला रघुनाथराव वारले, तेव्हाही ती गरोदर होती. दुसरा मुलगा त्यांच्या मागे जन्मला. त्यानंतरची तिची वर्षे मुलांना घेऊन नानांच्या पहाऱ्यात गेली. पालक म्हणून तिच्यापाशी दोन मुलगे होते, महत्त्वाकांक्षा होती, आणि सही करायला कागद मात्र एकही नव्हता.

सवाई माधवरावांच्या मागे वारस उरला तो तिचाच थोरला मुलगा. वर्षभर पुण्यात कट-कारस्थानांचा धुमाकूळ चालला आणि १७९६ च्या डिसेंबरात दुसरा बाजीराव पेशवा झाला. नवऱ्यासाठी आणि मग मुलासाठी तिने ज्या गादीकडे डोळे लावले होते, ती शेवटी तिच्या घरात आली. आनंदीबाई दोन वर्षे आधी, १७९४ मध्येच वारल्या होत्या.